मानवलेला चेहरा

१२ जानेवारी, सकाळी ९.४०

सौ. कामावर, कन्या शाळेत. घरात मी आणि वॉशिंग मशीन. आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

परदेशात येऊन पाच महिने झाले. सौ.ला इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून आलो. म्हणजे निर्णय दोघांचा होता. मी तेवीस वर्षांची गोदाम व्यवस्थापकाची नोकरी स्वखुशीने सोडली. तिकडे मला चुटकीसरशी काहीतरी मिळेल, असं सगळ्यांना सांगून निघालो होतो. मिळेलच. सध्या मी बाजाराचा अभ्यास करतो आहे.

निघताना आई एवढंच म्हणाली होती, "तिकडून मला काही सांगत बसू नकोस. परत आलास की तोंड बघेन तुझं, मला कळेल." आईला तोंड वाचता येतं. माझा दहावीचा निकाल तिने फाटकातच वाचला होता. आता जूनमध्ये कन्येच्या सुट्टीत तीन आठवडे घरी जायचं आहे. आई दादाकडे असते, आणि दादाने माझ्या जुन्या साहेबांशी परस्पर बोलून ठेवलंय. जागा अजून रिकामी आहे म्हणे. म्हणजे आईला माझं तोंड उतरलेलं दिसलं, तर ती म्हणणार, परत ये. आईचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. मग ह्या दोघी इथे आणि मी तिथे. ते मला नको आहे.

तेव्हा उद्दिष्ट एकच. मला बघताक्षणी आई म्हणाली पाहिजे, "मानवलं हो तुला तिकडचं."

आरशात बघितलं. काम आहे, पण अशक्य नाही.

आईला फोन केला. मजेत आहे म्हणून सांगितलं.

१३ जानेवारी

पाहणी केली. हीटरच्या हवेने गाल तडकलेत. डोळ्यांखाली पिशव्या. कपाळावर तीन आडव्या रेघा, एक अर्धवट. नाक ठीक.

संध्याकाळी कन्येचा सल्ला घेतला. ती सोळा वर्षांची आहे आणि या विषयात तिचा हात कोणी धरणार नाही. आधी फेसवॉश, मग टोनर, मग सीरम, मग डोळ्यांखालचं, मग मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. क्रम चुकवायचा नाही, असं तिने तीनदा बजावलं. मी हसलो. ज्याने तेवीस वर्षं जुना माल आधी आणि नवा माल नंतर बाहेर काढला, त्याला क्रम शिकवते आहे.

आईला फोन (दोनदा. पहिल्यांदा ती अंघोळीला गेली होती).

१७ जानेवारी

माल आला. दुकानातल्या बाईंनी गालावर एक छोटं यंत्र टेकवून पडद्यावर माझी कातडी दाखवली. दुष्काळी भाग वाटला. बाईंनी यंत्र पुसून ठेवलं. मग सात बाटल्या काढून दिल्या.

बाथरूममधलं फडताळ रिकामं करून बाटल्या उंचीनुसार लावल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: आवक तारीख, उघडल्याची तारीख, संपण्याची तारीख. सौ.चं सामान म्हणजे एक कंगवा आणि एक व्हॅसलिनची डबी. ते खालच्या कपाटात हलवलं. संध्याकाळी तिला कंगवा शोधायला दहा मिनिटं लागली. तिच्या डोक्यात लॅबचंच काहीतरी चालू होतं, त्या नादात गुणगुणत होती.

१८ जानेवारी, सकाळी ५.३०

पहिला दिवस. रोज साडेपाचला उठायचं. सातही थर. मग अर्धा तास चालायचं.

१९ जानेवारी, सकाळी ८.५०

काल थकवा आला असावा. झोपसुद्धा त्वचेला लागतेच.

२ फेब्रुवारी

फरक स्पष्ट दिसतोय. सौ.ला विचारलं, काही वेगळं वाटतंय का. ती म्हणाली, चष्मा बदललात का. चष्मा तोच आहे. म्हणजे काहीतरी वेगळं वाटतंय हे तिने मान्य केलं.

आईला सांगून टाकलंय की फोनचा कॅमेरा बिघडलाय. माल तयार होण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. फक्त आवाजी फोन. आज तीन झाले. सकाळी सहज, दुपारी ती जेवली का ते विचारायला, संध्याकाळी दुपारचं काहीतरी राहिलं होतं म्हणून.

११ फेब्रुवारी

एका गोदामात मुलाखत. प्रचंड गोदाम. रॅक छतापर्यंत, खाली एक माणूस नाही, सगळं सरकत्या पट्ट्यांवर. मुलाखत घेणारी मुलगी कन्येहून फार तर दहा वर्षांनी मोठी. मी तिला समजावून सांगितलं की बत्तीस प्रकारचा माल मी नोंदवही न उघडता, नुसत्या वासावरून सांगू शकत असे. तिने विचारलं, कंपनीचं सॉफ्टवेअर कोणतं होतं. मी म्हटलं, मीच. ती खूप हसली. चांगली झाली मुलाखत. कळवतो म्हणाले.

सनस्क्रीन जरा जास्त झालं होतं. बसमध्ये एका बाईंनी उठून जागा दिली.

३ मार्च

अजून कळवलेलं नाही. मोठ्या कंपन्यांना वेळ लागतो.

आज मातीचा हिरवा लेप लावून वीस मिनिटं पडून होतो, तेवढ्यात बेल वाजली. पार्सलवाला. मी दार उघडलं. त्याने पार्सल जिन्यातच ठेवलं आणि तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. सही घ्यायचीही राहिली. इथे शिस्त फार असं ऐकून होतो.

पार्सल सौ.चं. नवे बूट. लॅबमधल्या तिघीचौघी रविवारी टेकडीवर फिरायला जातात, त्यांच्याबरोबर हीपण जाणार. मला चला म्हणाली. मी नाही म्हटलं. ऊन त्वचेचा शत्रू आहे.

४ एप्रिल, दुपारी १२.१५

निर्णय: परक्या बाटल्यांवर विसंबणं चूक होतं. आपल्या कातडीला आपलीच वस्तू. हळद आणि दूध. कन्या पाव चमचा म्हणाली होती. मी तीन घातले. काम उरकायचं तर हात आखडता घेऊन चालत नाही. दहा मिनिटांनी धुवायचं.

४ एप्रिल, दुपारी २.३०

खुर्चीत डोळा लागला. आता निघत नाहीये. साबण, तेल, पुन्हा साबण झाला. टॉवेल पिवळा, बेसिन पिवळं, चेहरा जास्तच पिवळा. चार वाजता शाळेत पालकसभा. सौ.ला आज रात्रीचीही ड्यूटी आहे, म्हणजे जायला मीच.

४ एप्रिल, सायं. ६.००

वर्गशिक्षिका फार प्रेमळ. कन्येच्या गणिताबद्दल त्या एक वाक्य बोलल्या आणि मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाजच मऊ झाला. घरी सगळं ठीक आहे ना. पोट दुखतं का. तहान लागते का. मी म्हटलं, मी कधी नव्हे इतका ठणठणीत आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला. हळद सांगायला गेलो, तर त्यांना वाटलं मी लपवतोय. शेवटी शाळेच्या नर्सबाईंनी एक चिठ्ठी हातात ठेवली आणि समोरच्या दवाखान्यात आजच्या आज जायला सांगितलं. कन्या माझ्या दहा पावलं पुढे चालत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी खाली ओढून बघितलं. डोळे पांढरे आहेत म्हणाले, तरी रक्त घेतलं. कावीळ नसल्याची खात्री करायची होती त्यांना.

५ एप्रिल

रक्त तपासायला गेलं सौ.च्याच लॅबमध्ये. नळीवर माझं नाव, सोबतच्या कागदावर 'चेहऱ्याला हळद'. तिच्या हातात.

ती घरी आली ती हसतच. जिन्यात हसण्याचा आवाज आला, मग किल्लीचा. सोफ्यावर बसून डोळे पुसेपर्यंत हसली. तिच्या मैत्रिणींनी म्हणे रिपोर्टवर सूर्यफुलाचं चित्र काढलंय. मग ती म्हणाली, "नळीवर तुमचं नाव वाचलं तेव्हा मी खुर्ची ओढून बसले होते. हे सगळं कशासाठी चाललंय?" मी सांगितलं, त्वचेच्या आरोग्यासाठी. तिने पिवळा टॉवेल उचलून भिजत घातला.

हे लिहिताना जरा वाईट वाटतंय. पण जून जवळ आला आहे.

आईला फोन चार वेळा. काय बोललो आठवत नाही. तिने शेवटी विचारलं, तुला तिकडे काम नसतं का रे. मी म्हटलं, खूप असतं, म्हणून तर मधेमधे करतो.

१९ एप्रिल

गोदामाचं उत्तर आलं. नाही म्हणाले. फार सभ्य भाषेत. पत्र फायलीत लावलं.

पिवळेपणा गेला. कानामागे आहे थोडा.

२८ मे

तेरा दिवस उरले. खरं सांगायचं तर चेहरा अपेक्षेइतका उजळलेला नाही. आता सोलणं. म्हणजे कातडीचा वरचा थर काढायचं औषध. खाली नवा माल तयारच असतो, जुना हटवायचा एवढंच. आठवड्यातून एकदाच, असं बाटलीवर लिहिलंय. ते ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी.

१ जून

तिसऱ्यांदा लावलं. चेहरा लाल. हे तेज आहे, थोडं घाईने आलेलं. कन्येने बाटली उचलून आपल्या खोलीत नेऊन ठेवली.

१० जून, विमानतळ

बॅगा काट्यावर दिल्या. बाटल्या मात्र हातातल्या पिशवीत. खालच्या बॅगा लोक कशा आदळतात हे मला कोणी सांगायला नको, मी जन्मभर तेच बघत आलो. मोक्याचा माल स्वतःजवळ ठेवावा.

तपासणीच्या टेबलावर त्या माणसाने साती बाटल्या ओळीने मांडल्या आणि टोपली दाखवली. एवढं द्रव विमानात नेता येत नाही. सौ. म्हणाली, टाका आणि चला. टाका? चार बाटल्या निम्म्याच्या वर भरलेल्या होत्या. मी त्या माणसाला विचारलं, अंगाला लावलेलं चालतं का. त्याने थोडा विचार केला. नियमात काही नव्हतं.

टेबलाच्या कडेला उभं राहून लावलं. सगळं. क्रमाने. चेहरा, मान, कोपरापर्यंत हात. रांगेतल्या एका बाईंनी शेवटच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं, मला पकड मिळत नव्हती.

पुढच्या दारावर चेहरा ओळखणारं यंत्र. ह्या दोघी पार झाल्या. मला लाल दिवा. चष्मा काढला, लाल. हसलो, लाल. एक अधिकारी आली, पासपोर्ट बघितला, मला बघितलं आणि ओल्या रुमालांचं अख्खं पाकीट हातात दिलं. दाराच्या पलीकडे ह्या दोघी एका जाहिरातीकडे फार लक्ष देऊन बघत होत्या.

पण यंत्रालाही मी ओळखू आलो नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

११ जून

पोचलो. आई दारातच उभी होती. मी मुद्दाम पुढे झालो, उजेडाच्या बाजूला. तिने माझ्या गालाला हात लावला, हात बघितला आणि पदराला पुसला. मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. सौ. दोन्ही हातांत बॅगा घेऊन पायऱ्या चढत होती. प्रवासाने केस विस्कटलेले, टेकडीवरच्या उन्हाने रापलेली.

आई तिला म्हणाली, "मानवलं हो तुला तिकडचं."

मी बॅगा आत नेऊन ठेवल्या.

१२ जून

आई काही बोललेली नाही. दादाने जेवताना साहेबांचा विषय काढला. आईने त्याला भात वाढला.

आज दिवसभर मी चांगल्या उजेडात बसलो.

१३ जून, सकाळी

रात्रभर तळमळलो. सकाळी आई मागच्या ओट्यावर भाजी निवडत होती. जाऊन बसलो. शेवटी मीच विचारलं, माझ्या तोंडावर काय दिसतंय.

ती म्हणाली, "तोंड कशाला बघायचं? ज्याला करमतं तो आईला दिवसातून तीनदा फोन करत नाही. मला फेब्रुवारीतच कळलं."

साडेपाचला उठणं, सात थर, हळद, सगळं मनात येऊन गेलं. रडू येईल असं वाटलं. आलं नाही, पण जवळ होतं.

तिने विचारलं, परत यायचंय का. मी सांगितलं, नाही, ह्या दोघींना सोडून नाही. काम मिळालं नाही, तेही सांगितलं. दिवसभर घरात असतो, कपडे धुतो, स्वयंपाक करतो, उरलेल्या वेळात तोंडाला लावतो, सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. स्वयंपाक जमतो का, एवढंच विचारलं. जमतो म्हटलं.

"मग तिथेच राहा. पण मला फोन एकदाच करायचा, संध्याकाळी. आणि दिवसभरात काय केलंस ते सांगायचं."

मी विचारलं, काही केलेलंच नसलं तर. ती म्हणाली, मग फोन करू नकोस.

फोन केल्याशिवाय मला राहवत नाही, हे ती ओळखून आहे. काही करून दाखवल्याशिवाय सुटका नाही.

मग तिने भाजी बाजूला ठेवली आणि मला तोंड धुऊन यायला सांगितलं, कारण तीन दिवस झाले तरी चकाकतंय आणि माशी बसली तर चिकटेल. मोरीत एकच साबण होता. त्यानेच धुतलं, दोनदा. नंतर वहिनीने सांगितलं की तो कपड्यांचा होता. गाल जरा ओढल्यासारखे झालेत. बरं वाटतंय.