नसलेल्या पायाची आग

विलिमोनी,
मी कामावर जातेय. दालोचा कंद उकडून ठेवलाय, बाबांना खाऊ घाल. त्यांच्या उरलेल्या पायाचा गुडघा सुजलाय, त्यासाठी नेहमीची दुखण्यावरची गोळी जेवणानंतर दे. कापलेल्या पायाची आग मात्र तिने हटत नाही. ती नसांची आग, तिला डॉक्टरांनी दिलेली फिटवरची पांढरी गोळीच लागते. “मला कुठे फिट येते?” म्हणून ते थुंकून टाकतील, गिळेपर्यंत समोर बस.

आठवड्यात आग बरीच कमी झालीय. आता ते ओरडत नाहीत, शांतपणे विचारतात, “माझा पाय कुठे पुरलात?” मला रडूही येत नाही, मी नुसती ताटं उचलते.

खड्डा तू खणलास आणि तेव्हापासून त्यांच्या खोलीत गेला नाहीस. आज जा आणि सांग.

मेरेओनी