काचेच्या भांड्याच्या जागी

३ फेब्रु., मंगळ.
आज बाबांनी परत मागितलं. माझे सासरे. तोंडाचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक दिले, तेव्हापासून जेवण म्हणजे रोजची लढाई. आज स्वतः वाटी पुढं केली. "आणखी?" एवढंच.
पालक उकडून एकदम गुळगुळीत वाटला होता, त्यात चक्का, किसलेलं चीज, लसूण नावाला. मिरची नाही. ओटीजी ओव्हनमध्ये वरून तांबूस होईपर्यंत. मोबाईलवर बघून केलेलं, डिप म्हणतात त्याला. मी आणि वि., माझा नवरा, भाकरीच्या कडक तुकड्यांनी खाल्लं. बाबा आतल्या खोलीत, दार लोटून, चमच्यानं.
उरलेलं गरम करून काढलं आणि घाईत काचेचं भांडं ओल्या ओट्यावर टेकवलं. टक्क. आरपार तडा. काच गेली असेल म्हणून सगळं फेकलं. बाबा रिकामी वाटी घेऊन बसलेले. फार वाईट वाटलं.

४ फेब्रु., बुध.
कल्पनाताईचा फोन. वि.ची बहीण. रविवारी जेवायला येतायत, ती आणि तिचे मिस्टर. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "माझं ताट आत दे." बोलणं अजून जड आहे, पण हे वाक्य अगदी स्पष्ट आलं.
घास ओठाच्या कोपऱ्यातून सांडतो. तो कुणी बघू नये म्हणून सगळं. पोटच्या पोरीनंसुद्धा.
डॉक्टर म्हणालेत, वजन असंच उतरत राहिलं तर परत नाकातून नळी. ती नळी मी पाहिलीय. बाबांनी भोगलीय.
ठरवलं. रविवारी तेच डिप. एकच भांडं, टेबलाच्या मधोमध, सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. बाबांचं वेगळं काही शिजणार नाही.
आता भांडं शोधायचं.

५ फेब्रु., गुरु.
वि. शेंद्र्याला कंपनीत गेला, मी क्रांती चौकात. एका दुकानात हवं तसं काचेचं पसरट भांडं दिसलं. दुकानदार चाचा म्हणाले, "बाजी, ये ओव्हन में मत डालो. शोकेस का माल है, फूट जाएगा." भला माणूस, विकलं नाही. ऑनलाईन बघितलं, रविवारनंतर येणार. मग घरात आहे त्यातूनच.
स्टीलचा डबा करून बघितला. पातळ. बुड करपलं, मधे गारढोण. संध्याकाळी वि.नं निमूट खाल्लं.

६ फेब्रु., शुक्र.
केकचं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं. दिसायला छान झालं. बाबांना चमचाभर दिलं, तोंड वाकडं केलं. "पत्रा." मला काहीच लागलं नाही. वि.ला थोडं लागलं, चक्का आंबट म्हणून असेल. पण बाबांना शेक दिल्यापासून तशीही लोखंड चाटल्यासारखी चव येते, साध्या पाण्यालासुद्धा. म्हणजे धातू बाद. लोखंडी कढई काढली होती, तशीच परत ठेवली.
वि. म्हणे, "सोड की आता. वरण-भात कर, पुरणपोळी कर. बाबांना खिमट."
"नाय सोडणार."
"अगं, पण कशापायी एवढं?"
खिमट म्हणजे परत आतली खोली, मी एवढंच म्हणाले. मग तोच म्हणाला, मातीचं बघितलंस का?

७ फेब्रु., शनि.
पुंडलिकनगरच्या बाजारातून दही लावायचं मातीचं भांडं आणलं. पसरट, जाड. भरपूर वेळ पाण्यात भिजवलं. तापलेल्या ओटीजीत एकदम ठेवलं तर तडकेल, म्हणून थंड ओटीजीतच ठेवून हळूहळू तापवलं. सारखी काचेतून बघत होते.
तडकलं नाही! सगळीकडून सारखं शिजलं, वर मस्त तांबूस.
पण माती गरमपणा सोडतच नाही. बाहेर काढून किती वेळ झाला तरी कडेनं बुडबुडे. बाबांच्या तोंडाला कोमटच लागतं, गरमानं आतली कातडी सोलते.
वि. म्हणाला, बाबांचं वाटीत काढून गार कर, आपण गरम खाऊ.
नाही. वाटी काढली की वाटीमागं बाबा आत जाणार. सगळेच थांबू. भाकरीसोबत कोमट खाल्लं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

८ फेब्रु., रवि.
भांडं मधोमध ठेवलं. कल्पनाताईच्या मिस्टरांनी लगेच भाकरीचा तुकडा पुढं केला. मी म्हणाले, "पाव्हणं, जरा दम धरा. बाबांना सोसेल इतकं निवलं की सगळे मिळून." मोठ्यानंच म्हणाले. आत ऐकू जावं म्हणून.
त्यांनी तुकडा परत ताटलीत ठेवला. वि. मान खाली घालून. मला वाटलं फसलं सगळं. मग कल्पनाताई म्हणाली, "थांबू की. घाई कुणाला आहे?" आणि मुद्दाम इकडचं-तिकडचं बोलत राहिली.
दार उघडलं. बाबा. तोंडाला रुमाल धरलेला. वि.शेजारी बसले. मी भांड्यातून आधी त्यांना वाढलं, मग बाकीच्यांना.
खाल्लं त्यांनी. हळू, पण खाल्लं. कल्पनाताईच्या डोळ्यांत पाणी, तर तिला म्हणाले, "रडती कशाला. खा."
मग एक घास शर्टवर सांडला. हिरवा, चांगला मोठा डाग. बाबा उठले, आत गेले. दार लावलं.
ताटलीत अर्धं तसंच. कल्पनाताई जाताना मला धरून बराच वेळ उभी होती.

९ फेब्रु., सोम.
सकाळी पेज आतच मागितली. दिली. डाग धुतला, गेला नाही पूर्ण.
दुपारी शर्ट वाळत घालताना मागं येऊन उभे. "वर्षा, रात्री वाढशील तेव्हा हाक मार."
"बाहेर बसणार का बाबा?"
"हाक तर मार."
येतो म्हणाले नाहीत. आतच दे, असंही म्हणाले नाहीत. वि.ला फोन करून सांगितलं. "व्हय?" म्हणाला, आणि लवकर निघाला.
दुधीचं केलंय, त्याच भांड्यात. निवत आलंय. तीन ताटल्या मांडल्यात.
हाक मारते.