तिसऱ्या खांबावरचा गिलावा

मी, सौ. रतनबाई ज्ञानू कोंढाळकर, वय ५३, धंदा गवंडीकाम, राहणार कामथडी, तालुका भोर, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या शिकवण्याने वा दमदाटीने नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले काळजी करू नका. फॉर्मवर सह्या घेताना मात्र तसं म्हणाले नाहीत. भोरच्या कचेरीबाहेर एकाने मजकूर टाईप करून दिला होता. त्यात स्थावर-जंगम चार वेळा आलं, माझं म्हणणं एकदाही नाही. म्हणून चौथी पास अक्षरात मीच लिहिते. खाडाखोड माझी समजावी.

१. कामथडीचं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. माझे पती ज्ञानू यांनी मरेपर्यंत त्यात राहावं. विकायचा किंवा गहाण टाकायचा अधिकार त्यांना देत नाही, कारण ते कुणालाही हो म्हणतात. त्यांच्यामागे घर आमची एकुलती मुलगी वैष्णवी हिचं. मागच्या भिंतीची ओल न्हाणीच्या पाइपाची आहे. पाइप बदलावा. वरून रंग मारू नये.

२. म्हैस माझा भाऊ गेनबा याने वेल्ह्याला न्यावी. ती लाथ मारते. त्याला सवय आहे.

३. माझे दीर आनंदराव यांना काही ठेवत नाही. ते मुकादम होते, आता घरांची दलालीही करतात. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं घमेली उचलली, ओल्या काँक्रीटवर पाणी मारलं. गिलावा कसा करतात ते बघून बघून शिकले, पण बाईला गवंडी म्हणत नाहीत, बिगारी म्हणतात. थापीला हात लावला तर आनंदराव म्हणायचे, "वहिनी, ती भाकरी थापायची न्हवं." सगळे हसायचे. काही न ठेवण्याचं कारण मात्र हे नाही. ते पुढे आहे.

४. माझा ओळंबा, काटकोन बघायचा गुण्या आणि पातळी बघायची पाण्याची नळी वैष्णवीला. ती कंपनीत कॉम्प्युटरवर असते, तिला हे कशाला म्हणून हसू नये. तिला फ्लॅट घ्यायचा आहे. घर बघायला जाताना ओळंबा पर्समध्ये टाकायचा. वजन खाली सोडून दोरी चौकटीला लाव, भिंतीच्या कोपऱ्याला लाव. दोरी वर चिकटली आणि खाली सुटली तर निघून ये. फरशीवर रुपयाचं नाणं वाजव. पोकळ वाजली तर खाली सिमेंटचा माल भरलेला नाही. बाथरूममध्ये बादली ओत. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे आलं तर रोज येणार. मग खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघून ये. लाजायचं नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल तर विचार. एकच भिंत नवी रंगवली असेल तर दोनदा विचार. छताला पीओपी आणि दिवे असतील तर दिवे बघू नको, वर काय झाकलंय ते बघ. पोरी, तू स्वयंपाकघराचे ड्रॉवर उघडून बघतेस. ड्रॉवर कुणालाही बदलता येतात.

५. आता जे लिहायला बसले ते.

गेल्या रविवारी आनंदरावांनी आम्हाला कात्रजच्या पुढचा एक फ्लॅट दाखवला. इमारत अकरा वर्षांची, बत्तीस बिऱ्हाडं राहतात. वैष्णवीने आधीच मनात घेतली होती, कारण ती मी बांधली. शाळेत होती तेव्हापासून तिला मी सांगत आले की तिथला गिलावा बघून इंजिनिअर म्हणाला, "हा हात कुणाचा? सुंदर आहे." खाली पार्किंगमध्ये तिने तिसऱ्या खांबावर तळहात ठेवला, म्हणाली, "आई, हाच ना तुझा खांब? उभी राहा, फोटो काढते." मी म्हणाले, "व्हय." फोटो काढला. त्यात मी हसते आहे.

हा खांब ओतला तेव्हा काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर बंद पडला होता. साच्याच्या फळ्या काढल्या तर बुडापासून गुडघ्यापर्यंत भोकंच भोकं. माझी मूठ आत जात होती, आतल्या सळया हाताला लागत होत्या. अशा वेळी इंजिनिअरला दाखवायचं असतं, तो तोडायला सांगतो किंवा आत घट्ट भरून घेतो. आमचा गवंडी त्या दिवशी आला नव्हता. चार वाजता इंजिनिअर यायचा होता. आनंदरावांनी माझ्या हातात थापी दिली. म्हणाले, "वहिनी, तुमचा हात साफ हाय. बुजवून टाका."

मला कळत होतं. बिगारी असले तरी अकरा वर्षं काँक्रीट बघत होते. पण थापी पहिल्यांदा कुणीतरी आपणहून दिली होती. दोन तासांत मी भोकं वरवर मालाने बुजवली आणि असा गिलावा ओढला की सांधा मलासुद्धा दिसेना. इंजिनिअरने विचारलं तेव्हा आनंदराव म्हणाले, "आपल्याच गवंड्याचा." मला राग त्याचाच आला. भोकांचा विचार मी त्या दिवशी केला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गवंडी झाले.

रविवारी मी वाकून बघितलं. रंगाच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांखाली खांबाला उभी भेग आहे, तिच्यातून तांबडं पाणी ओघळून वाळलं आहे. आत सळया गंजत आहेत. फ्लॅटमध्ये मात्र नाणं खणखणीत वाजलं, ओळंबा सरळ उतरला. वैष्णवीने सगळं बरोबर बघितलं. खांबाचं तिला कोण सांगणार?

आनंदरावांना बाजूला घेतलं. ते म्हणाले, "वहिनी, बोलायचं तर बोला. थापी तुमच्या हातात व्हती. नाव तुमचंच यील."

पाच रात्री मी ह्या एका वाक्यावर काढल्या.

६. बँकेतली माझी ठेव वैष्णवीला घरासाठी देते. त्या इमारतीत घर घेतलं तर देत नाही, मग ती तिच्या वडिलांची. ठेवीतून आधी खर्च करून चांगला इंजिनिअर न्यावा आणि तो खांब मशीन लावून तपासावा. तिथल्या लोकांना हे मृत्युपत्र वाचून दाखवावं. ते शिव्या देतील. ऐकून घ्याव्यात, उलट बोलू नये. त्यांची लेकरं त्या खांबाला टेकून सायकली लावतात.

७. शफीभाई आतार यांना काही ठेवत नाही. साक्षीदाराला ठेवता येत नाही म्हणे. मी असायचे त्याच कामांवर त्यांनी वीस वर्षं फरशी बसवली. आज हे वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "भाभी, हे मेल्यावर वाचून काय फायदा? पोरगी परवा टोकन देनार हाय."

मी म्हणाले, "तोंडानं सांगायला जमंना, म्हणून तर लिवलं."

"मग लिवलेलं तरी आज दावा."

बरोबर बोलले. म्हणून हे मृत्युपत्र मी मरायची वाट बघणार नाही. वैष्णवी संध्याकाळच्या एसटीने येते आहे. आल्यावर चहाच्या आधी तिच्या हातात देणार. चहानंतर माझा धीर राहत नाही. उद्या शनिवारी ती यायला तयार झाली तर तिच्याबरोबर, नाही झाली तर शफीभाईंबरोबर मी त्या पार्किंगमध्ये जाणार आणि भोकं कुठून कुठपर्यंत आहेत ते कोळशाने आखून देणार. आता ते मलाच ठाऊक आहे, आणि सोमवारचं काही सांगता येत नाही.

८. थापी कुणाला देत नाही. ती माझ्याबरोबर जाळावी. मूठ लाकडाची आहे.

इंजिनिअरने विचारलं होतं, हा हात कुणाचा. आनंदरावांनी नाव चुकीचं सांगितलं होतं. खरं नाव खाली सही करून देते. अंगठा लावत नाही.

ठिकाण : कामथडी
दिनांक : ७ मार्च २०२५, दुपारी तीन

(सही) रतनबाई ज्ञानू कोंढाळकर

रतनबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर केली.

साक्षीदार :
१. (सही) शफी दस्तगीर आतार, फरशीकाम, भोर
२. (सही) सुलक्षणा धनाजी वाल्हेकर, शेजारी, कामथडी

ता. क. — सात वाजता वैष्णवीने वाचलं. ओळंबा पर्समध्ये टाकला, फोनमधला रविवारचा खांबाचा फोटो उघडून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "आई, ह्यात भोकं कुठंयत ते दाखव."
(सही) र. ज्ञा. कोंढाळकर