तिसरा टप्पा

मंगळवार, २० ऑक्टोबर, सकाळ

प्रिय चिनात्सु,

काल सकाळी मात्सुएहून तुझा खोका आला. आत्याने टपालहशील घेणाऱ्यावर टाकलं होतं, म्हणून पोस्टमनला दारातच सातशे तीस येन दिले. आत सराव परीक्षेची पाच पुस्तकं होती, तुझा जेवणाचा डबा होता आणि डब्यात रुमालात गुंडाळलेली घराची किल्ली. डबा तू घासून, पुसून, अगदी कोरडा करून पाठवलास. एक चिठ्ठी असेल म्हणून मी पुस्तकांचं पान न् पान उलटलं, खोका उपडा करून झटकला. पुस्तकं समजू शकते गं. पण किल्ली का पाठवलीस?

आत्याकडे राहायला गेल्यापासून तू फोनवर येत नाहीस. आत्या रोज तेच सांगते, "वहिनी, ती अंघोळीला गेलीय." परवा मी म्हटलं, दिवसातून चार वेळा अंघोळ करते का माझी मुलगी? तर म्हणाली, "वहिनी, तुम्ही विचारता चार वेळा, मग तिला चार वेळा अंघोळीला जावंच लागतं." हसली, पण लगेच गप्प झाली. तू नीट जेवत नाहीस हे तिने सांगितलं नाही, तरी मला तिच्या गप्प होण्यावरून कळलं. म्हणून हे पत्र. हातात घेतलंस तर शेवटपर्यंत वाच, मधेच ठेवू नकोस.

शनिवारी दुपारी हिरोए आली होती. तुमच्या धावण्याच्या संघाची कप्तान आजवर आपल्या दारात कधी आली नव्हती. ट्रॅकसूटवरच होती, बूट चिखलाने भरलेले, म्हणून आत यायला तयार होईना. पायरीवरच बसली. म्हणाली, "काकू, रागवायला नाही आले. फक्त विचारायला आले. आमच्या बोलण्यामुळे गेली का ती? चिनात्सुने अर्ज दिला त्या दिवशी आम्ही तिला पळपुटी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. ती नुसती म्हणाली, हो, मलाच कंटाळा आला." मी तिला चहा दिला, अंगणातल्या झाडाची पेरूएवढी मोठी झालेली केशरी काकीफळं सोलून दिली. ती खात होती आणि मी बघत होते. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. जाताना तिने इतकी खाली वाकून मला नमस्कार केला की मला दार लावून घ्यावंसं वाटलं.

आता लिहिते. संघ सोडण्याचा तो अर्ज तू लिहिला नव्हतास. मी लिहिला. तुला हे माहीत आहे आणि तुला माहीत आहे हे मलाही त्याच दिवशी तुझ्या नजरेवरून कळलं, तरी आपण दोघी एका टेबलावर बसून मिसो सूप प्यायलो आणि एक शब्द बोललो नाही. तुझी वही समोर ठेवून मी जाहिरातींच्या कागदांच्या पाठीवर तुझं अक्षर गिरवलं. चार दिवस गिरवलं. मग शाळेच्या छापील कागदावर लिहून त्याखाली सहीच्या जागी आपल्या आडनावाचा शिक्का मारला आणि शाळेच्या कचेरीच्या खिडकीत देऊन आले. त्या चार दिवसांत मी देव्हाऱ्यात बाबांपुढे सकाळचा भात ठेवला, अमिदा बुद्धाचं नाव घेतलं, पण ज्या दिवशी अर्ज दिला त्या दिवशी देव्हाऱ्याचं दार उघडलंच नाही. बाबांच्या नावाच्या पाटीकडे बघायची हिंमत झाली नाही.

स्वतःला मी सांगत होते की हे बाबांसाठीच आहे. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात ते म्हणाले होते, "हिला मास्तरीण कर." मी हो म्हटलं होतं. आणि उन्हाळ्यानंतरच्या सराव परीक्षेत तुला सगळ्यात खालचा शेरा आला. गणितात अठ्ठावीस. तो कागद तू घडी करून बुटाच्या कपाटात ठेवला होतास, मला झाडताना सापडला. पहाटे साडेपाचला पळायला जायचं, संध्याकाळी सातला घरी यायचं, जेवता जेवता डुलक्या घ्यायच्या. मी म्हटलं, हे पळणं थांबलं की अभ्यास होईल.

काल खोका आल्यावर मी ॲप्रन काढला आणि सरळ शाळेत गेले. तुझ्या प्रवेश समारंभानंतर आतपर्यंत पहिल्यांदाच; अर्ज मी बाहेरच्या खिडकीतूनच दिला होता. पाहुण्यांच्या सपाता पायातून निसटत होत्या. वरच्या मजल्यावर बँडवाले एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होते आणि दर वेळी तिथेच चुकत होते. जिन्याखाली चित्रकलेच्या मुलांनी क्रीडादिनाचा भला मोठा फलक वाळत घातला होता, निळा ड्रॅगन, एक डोळा अजून रंगवायचा राहिलेला. डोकं भादरलेली बेसबॉलची मुलं एका सुरात एवढ्या मोठ्याने "नमस्कार" ओरडली की मी दचकले. ही शाळा इतकी जिवंत आहे हे मला माहीतच नव्हतं. तू सांगितलं असतंस कदाचित. मी गुणांचंच विचारत राहिले.

तुमच्या संघाच्या ओकिमुरा सरांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी खणातून तो अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "मला त्याच दिवशी शंका आली होती. चिनात्सु इतकं सुबक कधीच लिहीत नाही. मी तिला बोलावून विचारलं, हे तुझं अक्षर आहे का? तिने बराच वेळ कागदाकडे बघितलं, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, हो सर, माझंच." मी तो अर्ज परत मागितला. ते म्हणाले, तो मुलीच्या नावाने आहे, मला परत घेता येणार नाही. तिने स्वतःच्या हाताने पुन्हा अर्ज लिहायला हवा, खाली पालकांचा शिक्का हवा. जिल्ह्याच्या रिले शर्यतीची यादी शुक्रवारी संध्याकाळी पाचला जाते. "पाच टप्पे, पाच मुली. शाळेत धावणाऱ्या मुलीच पाच. चौघींना नाव देता येत नाही." मग अर्ज परत खणात ठेवत म्हणाले, "आणि मुलींना हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

तुझ्याशिवाय त्या काय करतात, ठाऊक आहे तुला? अजून रोज पळतात. दुसऱ्या टप्प्याची कानाए, पहिल्या वर्षातली ती बुटकी मुलगी, पुढच्या मुलीला द्यायचा खांद्यावरचा पट्टा काढून हातात धरून भातगिरणीपर्यंत येते. तिथे तू उभी असायचीस. आता तिथे कुणी नसतं. ती पट्टा पुढे करून क्षणभर थांबते, आणि मग तुझे तीन किलोमीटर चालत जाऊन चौथीच्या हातात देते. पळत नाही, कारण तो तुझा टप्पा आहे, असं म्हणते. काल मी गिरणीपाशी तिची वाट बघत उभी होते. म्हटलं, मी येऊ का गं बरोबर? आम्ही दोघी कालव्याच्या काठाने चाललो. वाटभर मी शब्द जुळवत होते. शेवटी हिरोए आणि बाकीच्या उभ्या होत्या, त्यांच्यासमोर मी वाकले आणि सांगितलं की अर्ज मी लिहिला, चिनात्सुने माझ्यासाठी खोटं सांगितलं. कानाएने घड्याळ बघितलं. "काकू, पन्नास मिनिटं लागली तुम्हाला. एवढ्यात चिनात्सुताई पाच वेळा येते." सगळ्या हसायला लागल्या आणि हिरोएला रडू फुटलं. म्हणाली, "आम्ही तिला दहा दिवसांत एकदाही फोन केला नाही, काकू. एकदाही नाही."

आता ते सांगते जे सरांनाही सांगितलं नाही. गणिताचे अठ्ठावीस हे कारण नव्हतं. सप्टेंबरमध्ये एक दिवस मी भाजी घेऊन शाळेच्या फाटकावरून येत होते. तुम्ही पाचजणी भिंतीला टेकून बर्फाची कुल्फी खात होता आणि तू हसत होतीस. पोट धरून, खाली बसून. बाबा गेल्यापासून तसं हसणं मी घरात ऐकलेलं नाही. मी भाजी घेऊन मागच्या रस्त्याने घरी आले. मला वाटलं, त्या मुली नसल्या तर ते हसू घरी येईल. बस, एवढंच. बाबांचं नाव मी उगाच पुढे केलं. आज सकाळी देव्हारा उघडून त्यांनाही हे सांगितलं.

या पाकिटात तीन वस्तू आहेत. सरांनी दिलेला कोरा अर्ज, आपल्या घराचा शिक्का, आणि माझा पत्ता घातलेलं एक कार्ड. नऊला पोस्ट उघडलं की मी हे जलद टपालाने रजिस्टर करते. बुधवारी तुला मिळेल. पळायचं असेल तर तू लिही, शिक्का तूच मार, आणि गुरुवारी सरांच्या नावे टाक किंवा स्वतः घेऊन ये. नको असेल तर अर्ज फाडून टाक. शाळा बदलायची, आत्याकडेच राहायचं, जे काही असेल, त्या कागदावरही शिक्का तूच मार. मला विचारू नकोस. शिक्क्याशिवाय मला पोस्टातून बाबांची पेन्शनही काढता येणार नाही, आत्या म्हणेल वहिनीचं डोकं फिरलं. म्हणू दे. मी परत मागणार नाही. किल्ली मात्र तुझ्या खुंटीवर टांगली आहे, मी तिला हात लावत नाही. कार्डावर काही लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. फक्त कोऱ्या कार्डावर शिक्का उमटव आणि उलट टपाली टाक, म्हणजे तो तुझ्या हातात पोचला एवढं तरी मला कळेल.

तुझीच,
आई