एक नंबर दीर्घिका

१ जून, सकाळी ६
युनिव्हर्सिटीचं पत्र. पीएच.डी.ला शेवटची मुदत ३० जून, नंतर नाव कट. नाव कट म्हणजे कॉलेजातली नोकरीही गेली. घाबरतो कोण! बारा वर्षांत विषय तोंडपाठ झालाय: दीर्घिकांचे, म्हणजे आकाशगंगांचे, दोन समूह एकमेकांवर आदळले की नवे तारे जास्त जन्मतात की कमी? उद्यापासून पहाटे चारला उठणे.

२ जून, ९.४०
उठलो.

४ जून
पुण्याहून गाइड विजयसिंह सरांचा फोन. आदळलेल्या समूहांतल्या आठशे दीर्घिकांचे फोटो डोळ्यांनी निवडायचे राहिलेत म्हणे. निळसर म्हणजे नवे तारे होतायत, लाल म्हणजे कारभार बंद. हे कारकुनी काम. माझं काम विचार करणं. चुलतीला, द्वारका काकीला, लावतो. तीस वर्षं इंदापुरात डाळिंबं निवडतेय, आणि सध्या हंगाम नाही.

५ जून
काकीला सांगितलं, चांगल्या एका फोल्डरात, बाकीच्या दुसऱ्यात. तिनं विचारलं, चांगली म्हंजी कंची रं? तीस वर्षं निवडतेस, तुला कळत न्हाय व्हय, म्हटलं आणि बारामतीला गेलो. पदवीदानाचा सूट शिवायला टाकला.

८ जून
काकीचं काम फत्ते! चांगल्या ६५२, बाकी १४८. म्हणजे टक्कर झाली की ताऱ्यांचं पीक जोमात. मला वाटलंच होतं. काकी म्हणत होती, माल एक नंबर हाय, पर येकदा उघडून बघ. म्हटलं, माझा विश्वास आहे तुझ्यावर.

१९ जून
थिसिस तयार! अकरा दिवसांत एकशे चाळीस पानं. अनिताला सिद्धान्त सांगितला: धडकेनं वायू दाबला जातो, तारे भराभर होतात. धडकेत वायू उडून जात नसंल का, म्हणाली. बी.कॉम. झालेल्या बायकोनं यात पडू नये. थिसिस आणि काकीचे दोन्ही फोल्डर सरांना पाठवले.

२७ जून
सरांनी पुण्याला बोलावलं. वाटलं, कौतुक. त्यांनी चांगल्यांचा फोल्डर उघडला. एकजात लालबुंद! डाळिंबासारखं लाल ते चांगलं, असं काकीनं धरलेलं. म्हटलं, सर, चुलतीची चूक झाली. सर म्हणाले, आठशेत एकसुद्धा इकडची तिकडं नाही, इतकी साफ निवड मी आजवर पाहिली नाही. उलटा आहे तो तुमचा थिसिस. सही करणार नाही म्हणाले. एस.टी.त मोरगावपर्यंत रडलो. घरी सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.

३० जून
नाव कट.

११ डिसेंबर
सरांचा पेपर परदेशी जर्नलात छापून आला. टक्कर झाली की ताऱ्यांचा जन्म थंडावतो. लेखक दोन: सर आणि द्वारकाबाई. पुढच्या पाच हजार दीर्घिकांसाठी काकीला पुण्याला बोलावलंय. शेवटच्या पानावर आभार आहेत. द्वारकाबाईंची ओळख करून दिल्याबद्दल त्यांच्या पुतण्याचे. पुतण्याचं नाव छापलेलं नाही.