साडेनऊचं ग्रहण

इंगोलश्टाट, तळघर
रविवार, ५ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप श्रीपाददादास,

कंबरेला पट्टा असल्यामुळे जेमतेम वीस अंश वाकून दत्ताचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? सरितावहिनींची साखर आटोक्यात असेल, आणि त्यांच्या नकळत चाललेली तुझी जिलेबीही. इकडे शुभा बरी आहे, मैत्रेयी बरी आहे (मराठीत विचारलं तर जर्मनमधून बरी आहे). मी मात्र संतापलेला आहे. आठ दिवस झाले, उतरत नाही.

तुला माहीत आहे, चौदा महिने मी याच तळघरात आठ इंची आरसा हाताने घासला. कुणाकडे शिकलो नाही (डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं तू जाणतोस, इथे नको). आरशाच्या वक्रतेतली चूक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी. नळी घरची, बैठक घरची. आता दुर्बीण लोकांना दाखवायची तर काळोख हवा, म्हणून मी इथल्या मराठी मंडळाला सुचवलं, गावाबाहेर तारे बघायची रात्र करू. मंडळाच्या सेक्रेटरी वासंतीताईंनी तारीख काढली. कोणती? कोजागिरी! दादा, पौर्णिमेला तारे बघणं म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी बसून तंबोरा जुळवणं. मी म्हटलं, अमावास्या घ्या. तर म्हणाल्या, "अमावास्येला कोण येणार हो, दत्ताभाऊ? आणि मसाला दूध अमावास्येला?" शेवटी तडजोड झाली. कोजागिरी मी नीट पार पाडायची, आणि मार्चमधल्या अमावास्येची खरी रात्र सर्वस्वी माझ्या ताब्यात. त्या एका रात्रीसाठी मी चंद्रसुद्धा गिळला.

त्यातून यंदा कोजागिरीलाच खंडग्रास ग्रहण. मी तक्ता केला. स्पर्श ८:३५, मध्य ९:१४, मोक्ष ९:५२. चाळीस प्रती, लॅमिनेट करून. ग्रहणात कुणी काही तोंडात घालणार नाही (मला स्वतःला काही फरक पडत नाही), म्हणून दूध मोक्षानंतर, दहाला.

आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात एका शेतकऱ्याचं कुरण मिळालं होतं. तपमान चार अंश. दुर्बिणी चार, त्यांतल्या तीन विकतच्या. गार्चिंगच्या खगोलसंस्थेत पीएचडी करणाऱ्या उत्कर्षची तर स्वतःच तारा शोधते, हा पठ्ठ्या खिशात हात घालून उभा! टॉर्चला लाल कागद लावून या, असं मी तीनदा कळवलं होतं. त्रेचाळीस माणसांत लाल कागद एक, आणि तो मैत्रेयीने चॉकलेटचा लावलेला. बाकीच्यांनी मोबाईलचे झोत थेट डोळ्यांत मारले. मी शनी लावून दिला. कडी अशी स्वच्छ, की मीच दोनदा बघितली. रांगेतले एक गृहस्थ डोळा लावून म्हणतात, "आत स्टिकर चिकटवलाय का हो?" चौदा महिने, दादा!

पण खरा घाव घातला प्रभाकाकूंनी. या वासंतीताईंच्या सासूबाई, सांगलीहून आलेल्या. दोन स्वेटर, वर घोंगडी, खुर्चीत बसून बोटं मोजत होत्या. म्हणाल्या, "पंचांगात स्पर्श एक वाजून पाच मिनिटांनी आहे. इथलं घड्याळ साडेतीन तास मागे. म्हणजे नऊ पस्तीस. दूध त्याआधी वाटा." मी सर्वांसमोर, अत्यंत नम्रपणे, तक्ता त्यांच्या नाकासमोर धरून सांगितलं, "काकू, पंचांग सांगलीपुरतं असतं." तर म्हणतात, "चंद्र सांगलीत एक आणि इथे दुसरा आहे का रे?" सगळं कुरण हसलं. वर उत्कर्ष म्हणतो, "काका, ॲपसुद्धा नऊ पस्तीसच दाखवतंय." मी त्याला विचारलं, आरसा घासलायस का कधी?

आठ पस्तीसला चंद्र वाटोळा. नऊला वाटोळा. नऊ चौदाला, म्हणजे ग्रहणमध्याला, निर्लज्जासारखा वाटोळा. कुणीतरी काळोखातून ओरडलं, "दत्ताभाऊ, ग्रहण ट्रेनने येतंय काय? उशिराची घोषणा तरी करा!" तेवढ्यात काकूंनी पातेल्यावरचं झाकण काढलं, आणि रांग माझ्या शनीकडून दुधाकडे सरकली. साडेनऊला मुलं पेंगायला लागली, गाड्या सुरू झाल्या, एकूण एक हेडलाइट माझ्या आरशात. ग्रहण बघायचं नसतं म्हणून काकू आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या. चंद्राच्या कडेला पहिली सावली लागली तेव्हा मी ओरडलो, "अहो, लागलं! लागलं!" उत्तरादाखल मागचे लाल दिवे दिसले. रात्रभरात एवढाच योग्य रंगाचा प्रकाश. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस माणसं ग्रहण टाकून गेली!

आता वासंतीताईंचा निरोप आलाय: प्रभाकाकूंची लेखी माफी मागा, नाहीतर मार्चची रात्र उत्कर्षकडे. लेखी! मी! खिशात हात घालणाऱ्याच्या हाती ती अमावास्या! असो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता

ता. क. तुला म्हणून सांगतो. घरातली घड्याळं हिवाळी वेळेवर न्यायचं काम मी दरवर्षी आठवडाभर आधीच उरकतो. शिस्त म्हणून. तक्ता त्या घड्याळावर केला. जर्मनीने घड्याळ एक तास मागे घेतलं ते ग्रहणानंतर, त्याच रात्री पहाटे तीनला. म्हणजे तक्ता चुकलेला नव्हता, जेमतेम साडेपाच तास लवकर लागू झाला.

ता. क. २. प्रभाकाकू वीस तारखेला सांगलीला परततायत. घर तुझ्या मागच्याच गल्लीत. पेढे घेऊन जा आणि "दत्ताचं चुकलं" म्हण. हे वाक्य तुझ्या तोंडी शोभेल, तू मोठा आहेस. त्यांनी ते वासंतीताईंना फोनवर सांगितलं की माझं काम झालं. येताना पुढच्या वर्षीचं पंचांग घे. त्या वापरतात तेच.

ता. क. ३. त्या कुरणावर शेवटी मी आणि मैत्रेयी दोघंच उरलो. तिने बराच वेळ डोळा लावून बघितलं, घड्याळ बघितलं, म्हणाली, "पापा, गेनाऊ एक तास." (गेनाऊ म्हणजे बरोब्बर.) मी रागाने नळी उचलायला गेलो (कंबर तेव्हाच धरली). तर ती मराठीत म्हणाली, "थांबू या ना अजून थोडं." मग सावली पूर्ण सुटेपर्यंत थांबलो. दहा बावन्नला सुटली. काकूंच्या बोटांवर तेवढंच येत होतं.