वीस तारखेच्या आत बाथरूम

२ मार्च, सकाळ
आईच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. वीस तारखेला घरी सोडणार, पण जिना वर्ज्य. आमचं बाथरूम वरच्या मजल्यावर. ताई म्हणाली, माझ्याकडे लिफ्ट आहे, मी नेते. आई म्हणाली, "मला माझ्याच घरी जायचंय." मी शब्द दिला. खालच्या अडगळीच्या खोलीत बाथरूम. प्रकल्पाची व्याप्ती, काळ आणि खर्च या त्रिकोणावर ऑफिसात नवशिक्यांना व्याख्यान मीच देतो. गवंड्यालाही दिलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, नळ कुठल्या भिंतीला?

५ मार्च
व्याप्ती आजपासून गोठवली. एकही बदल नाही. फक्त एक खिडकी. आईला उजेड लागतो.

७ मार्च
खिडकी होतेच आहे, तर बाहेर उन्हात बसायला छोटा ओटाही. हा बदल नव्हे, मूळ संकल्पनेवरचं भाष्य. सौ.ने विचारलं, आईंना आधी संडास लागेल की ऊन? प्रश्न खोचक. दुर्लक्ष केलं.

१० मार्च
ओट्यापायी काम मागे पडलं. उपाय सोपा: माणसं वाढवायची. प्लंबर आणि फरशीवाला एकाच दिवशी बोलावले. खोलीत एकच माणूस मावतो, हे दोघे आत गेल्यावर कळलं. प्लंबर चहाला म्हणून गेला. अद्याप चहाच चालू असावा.

१३ मार्च, दुपार
प्लंबर आला, जास्त पैसे ठरवून. म्हणजे आता खर्चाचा कोपरा ताणला. समतोल साधणं प्राप्त. गवंडी म्हणाला, फरशीखाली ढाळ काढायला आणखी एक दिवस आणि माल लागेल. मी ढाळ रद्द केला. वेळ वाचला, पैसेही वाचले. तो म्हणाला, "साहेब, पाणी जाणार कुठं?" मी म्हटलं, पाण्याचा स्वभावच अधोगामी. त्याने फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडून तसं लिहून घेतलं.

१६ मार्च
पहिली बादली ओतली. पाणी बाहेरच्या खोलीत आलं आणि सोफ्याखाली स्थिरावलं. फरशी उखडावी लागणार. बाकी काम उत्तम.

१८ मार्च, सकाळ
डॉक्टरांना चार दिवस वाढवून मागितले. म्हणाले, हे हॉस्पिटल आहे, लॉज नव्हे. पर्यायी योजना: आईला खुर्चीत बसवून वर न्यायचं. सौ.ला बसवून, शेजाऱ्याला मागे धरायला लावून तालीम केली. तिसऱ्या पायरीवर माझी कंबर धरली. सौ. उतरली आणि म्हणाली, "आईंना मी यात बसू देणार नाही." नंतर आतल्या खोलीत जाऊन कोणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलत होती. विचारलं नाही.

१९ मार्च
फरशी उखडली. उद्या सकाळपर्यंत होऊ शकतं. गवंड्याला तसं सांगितलं. तो थापी धुऊन घरी गेला.

२० मार्च
हॉस्पिटलात पोहोचलो तर ताई आधीच हजर. आईने विचारलं, "झालं का रे?" मी सगळं सांगितलं. व्याप्ती का वाढली, काळ कुठे गेला, एक कोपरा ओढला की बाकीचे दोन कसे सरकतात. आईने अगदी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझ्या शर्टावरचं सिमेंट नखाने खरवडलं. "समजावतोस मात्र छान," म्हणाली. मग ताईकडे वळून, "चल, गाडी कुठे लावलीयेस?"

पिशव्या गाडीपर्यंत मी नेल्या. तेवढं काम वेळेत झालं.